पाच एक्कावन्नची नोंद

१

मंगळवारी सकाळी स्वरूपा नाडगौडा दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत आली, तेव्हा लॅपटॉपला वायफाय लागत नाही एवढंच तिला सांगण्यात आलं होतं. दहा मिनिटांचं काम, असं धरून ती चालली होती. दुपारचा एक वाजला आणि तिच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

पडद्यावर चौकट यायची, पासवर्ड मागायची. स्वरूपा एकेक अक्षर बघून टाकायची. गोल चक्र फिरायचं, फिरत राहायचं, आणि पुन्हा तीच चौकट. नेटवर्क विसरायला लावून नव्याने जोडलं. तीच चौकट. गुरुग्रामच्या घरून येताना पिशवीत टाकलेला वायफायचा यूएसबी डोंगल लावून पाहिला. तरी तीच चौकट.

"मुकाट्याने घे ना रे बाबा," ती लॅपटॉपला म्हणाली.

स्वरूपाने सव्वीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात संगणकविभाग सांभाळला होता. स्वेच्छानिवृत्तीनंतर या छोट्या संस्थेची यंत्रं ती हौसेने बघायची. दिल्लीत नोकरीसाठी येऊन इथलेच झालेल्या मराठी माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, हे संस्थेचं काम. मुलाखती एकाच लॅपटॉपवर उतरवायच्या आणि तिथून वायफायवरून संस्थेच्या सर्व्हरवर चढवायच्या. लॅपटॉप विंडोजऐवजी लिनक्सवर चालायचा, तोही तिनेच बसवला होता. डिसेंबरात त्याची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली, तेव्हापासून तो नुसत्या चार्जरच्या वायरवर जगत होता.

वायफाय अख्ख्या इमारतीचं होतं, आणि बंदोबस्ताचं. प्रत्येक कचेरीचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. शिवाय पासवर्ड देण्याआधी लॅपटॉप समोरच्या सर्व्हरचं डिजिटल प्रमाणपत्र तपासायचा. ते पटलं तरच बोलणं पुढे सरकायचं.

इमारतीच्या हेल्पडेस्कला तिने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेच उत्तर. "मॅडम, हमारी तरफ से सब ठीक है. पासवर्ड ग़लत होगा."

"ताई, ती तपासणीच बंद करून टाका ना," दारातून अंकुर म्हणाला. तो मुलाखतींचं संपादन करायचा आणि या लॅपटॉपवर त्याचा आधीपासून राग होता. "मी तर कधीचा सांगतोय, हा डबा फॉरमॅट करून विंडोज टाकू. यार, कुठल्या जमान्यात आहोत आपण?"

"तपासणी बंद केली तर आपल्यासारखंच नाव लावून बसलेल्या कुठल्याही भामट्याला हा पासवर्ड देऊन बसेल," स्वरूपा फणकारली. "लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत यात."

मग तिने शेवटचा उपाय म्हणून लॅपटॉपची नोंदवही उघडली. लिनक्स आतल्या आत घडलेली बारीकसारीक गोष्ट लिहून ठेवतो. वायफाय सोमवारी, नऊ फेब्रुवारीला बिघडलं होतं. म्हणून तिने मागितलं, नऊ तारखेपासूनच्या नोंदी दाखव.

उत्तर आलं, एकही नोंद नाही.

"म्हणजे आता हेही बिघडलं!" तिने टेबलावर हात आपटला. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला.

राजाभाऊंनी फोन उचलला. संस्थेचं कार्यालय तेच सांभाळायचे. साठी उलटलेले, नीटनेटके, आवाज कधी न चढवणारे. फोन ठेवून ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"देविकाबाईंचा होता. कुमुदमावशींची मुलगी. शुक्रवारी आपली तनया त्यांची मुलाखत घेऊन आली, आणि रविवारी मावशी गेल्या. देविकाबाईंना आईचा आवाज ऐकायचाय. गुरुवारी चारला येते म्हणाल्या."

"चढवता येत नसेल तर पेन ड्राइव्हवर देऊ," असं म्हणत स्वरूपाने शुक्रवारच्या मुलाखतीचं फोल्डर उघडलं.

फोल्डर रिकामं होतं.

२

फाइल नाही हे ऐकून तनया रडली नाही, भडकली. "मी स्वतः कॉपी केलंय, ताई! लक्ष्मीबाई नगरहून, कुमुदआजींकडून परत आले, तीन तासांचं रेकॉर्डिंग उतरवलं, ऐकून चेक केलं, मग रेकॉर्डरचं कार्ड साफ केलं. हर शुक्रवारी हेच करते मी, सर्व्हरवर सोमवारी चढवते."

तनया पाटोळे सव्वीस वर्षांची. जन्म दिल्लीतला, वडील केंद्र सरकारात. संस्थेत ती वर्षावर्षाच्या करारावर होती आणि यंदाचा करार मार्चमध्ये संपत होता. तिच्याइतकं म्हाताऱ्या माणसांना बोलतं करणारं दुसरं कुणी संस्थेत नव्हतं, हे सगळेच मानायचे.

संस्थेचे विश्वस्त विनायकराव तासाभरात येऊन दाखल झाले. त्यांच्या देखत स्वरूपाने फोल्डरची माहिती काढली. फोल्डरमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला, म्हणजेच फाइल त्यातून केव्हा गेली, ते लॅपटॉपने एका ओळीत सांगितलं.

शुक्रवार, सहा फेब्रुवारी. संध्याकाळचे पाच एक्कावन्न.

"शुक्रवारी शेवटी कोण होतं इथे?" विनायकरावांनी विचारलं.

तनयाच म्हणाली, "मी. पण मी साडेपाचला लॅपटॉप बंद केला."

स्वरूपाने लॅपटॉप सुरू-बंद झाल्याच्या वेळा मागवल्या. वरून वाचत वाचत ती पाच बत्तीसपाशी आली. लॅपटॉप बंद. तनयाने मोठा श्वास सोडला. पण खालचीच ओळ होती, पाच तेहेतीस, लॅपटॉप सुरू.

"बंद करून लगेच मिनिटात पुन्हा लावलास?" विनायकराव.

"नाही! मी निघून गेले."

अंकुर खाली जाऊन वॉचमनचं रजिस्टर बघून आला. तिच्याकडे न बघता त्याने सांगितलं, "गेट से बाहर सहा वाजून पाच मिनिटांनी."

"मी जिन्यात बसून आईशी फोनवर बोलत होते!"

"सोमवारपासून वायफाय चालत नाही, वायफाय चालत नाही, हे तूच सगळ्यांना सांगत होतीस," विनायकराव सावकाश म्हणाले. "चुकून उडाली असेल तर तसं सांग. चूक माफ करता येते. पण वर मिनिटात परत लावून... गेलेल्या बाईचा आवाज आहे तो, तनया. पुन्हा घेता येणार नाही. गुरुवारी देविकाबाई यायच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे. नाहीतर मार्चपर्यंत थांबायची गरज नाही."

तनयाने पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली.

राजाभाऊ खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. ते बाहेर बघत राहिले.

३

स्वरूपाला वायफाय नीट करायला बोलावलं होतं, चोर शोधायला नव्हे. पण पडद्यावर ती ओळ तिनेच आणली होती, आणि त्या ओळीने एका मुलीच्या नोकरीवर आणि नावावर घाव घातला होता. ते तिला खुपत होतं. त्याहून जास्त खुपत होतं ते हे, की जे यंत्र साधा पासवर्ड स्वीकारायला तयार नाही, त्याच्या साक्षीवर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवत होते.

तिने तनयाला गाठलं, बसस्टॉपवर.

"काय होतं त्या मुलाखतीत?"

"त्यांचं सगळं आयुष्य, ताई. सत्तर-बहात्तर साली दिल्लीच्या एका ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचे कॉल जोडणं, थंडीतल्या ड्यूट्या. मग एक सुपरवायझर होते, अंबादासराव. त्यांनी कुणाचा तरी कॉल चोरून ऐकला आणि बाहेर बोलले. बात फैल गई. मग त्याचा... काय म्हणतात, ब्लेम..."

"आळ."

"हां, आळ. तो आला कुमुदआजींच्या मैत्रिणीवर, सरला नावाच्या. तिला काढूनच टाकलं. आजींना माहीत होतं खरं काय ते, पण त्या घाबरून गप्प बसल्या. ते सांगताना खूप रडल्या त्या. म्हणाल्या, पन्नास वर्षं कुणाला बोलले नाही. मी एक नोट पण टाइप करून ठेवली होती फोल्डरमध्ये. कुठल्या मिनिटाला कुणाबद्दल आहे ते. ती पण गेली."

"सोमवारी तू किती वाजता आलीस?"

"अकरा वाजून दहाला. आधी देविकाताईंना भेटायला गेले होते. मी आले तेव्हा लॅपटॉप चालूच होता. राजाभाऊकाका म्हणाले, बघ, वायफाय लागत नाही." तिचे डोळे भरून आले. "तीन वर्षं काम करतेय मी इथे. कुणी एकदा तरी म्हणायला हवं होतं की तनया असं करणार नाही."

बस आली आणि ती चढली.

बुधवारी सकाळी स्वरूपाने अंकुरला विचारलं. तो शुक्रवारी चारलाच निघाला होता, सोमवारी साडेदहानंतर आला आणि कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसला. "मी या डब्याला हातही लावत नाही, ताई. फॉरमॅट करायचं म्हणतो ते रागाने. एवढी अक्कल आहे मला."

राजाभाऊ शांतपणे म्हणाले, "सोमवारी लॅपटॉप मी लावला. तनया यायच्या जरा आधी, अकराच्या सुमाराला. वायफाय लागेना म्हणून तिला सांगितलं. एवढाच माझा संबंध."

खाली वॉचमनकडे किल्ल्यांचं रजिस्टर होतं. सोमवारी खोलीची किल्ली नऊ वीसला दिलेली होती. समोर वळणदार सही, रा. अं. टिपणीस. राजाभाऊ नेहमीच लवकर यायचे, त्यात नवल काही नव्हतं.

"और शाम को?" तिने विचारलं.

"शाम को सात बजे मेन स्विच गिरा देता हूँ, मैडम. हीटर चालू छोड़ जाते हैं लोग. पूरी मंज़िल की बिजली बंद."

स्वरूपा दोन पायऱ्या चढली आणि थांबली. काल वाचलेल्या यादीत आणखी एक ओळ होती. तनयाच्या भांडणात ती कुणी पाहिलीच नव्हती.

ती धावत वर गेली. यादी पुन्हा काढली. ओळ तिथेच होती. शुक्रवार, सहा फेब्रुवारी, रात्रीचे नऊ पाच, लॅपटॉप सुरू.

बॅटरी नसलेला लॅपटॉप. मजल्यावर वीज नाही. खोलीला कुलूप. आणि हा म्हणतोय, रात्री नऊला कुणीतरी मला चालू केलं.

४

दुपारी तीनपर्यंत तिने हे कोडं दहा बाजूंनी उलटंसुलटं करून पाहिलं. वॉचमन खोटं बोलतोय म्हणावं, तर शेजारच्या कचेरीवाल्यांनीही सातच्या अंधाराबद्दल हीच तक्रार सांगितली. दरम्यान वायफायची चौकट मधूनमधून डोकं वर काढायची आणि पासवर्ड मागायची. जेवण झालं नव्हतं. चहा गार झाला होता. उद्या चारला देविकाबाई येणार होत्या.

शेवटी तिचा संयम सुटला. लॅपटॉपला कुणाच्याही मोबाइलचं इंटरनेट जोडायचं नाही, हा संस्थेचा कडक नियम होता. मुलाखत देणाऱ्यांना तसा शब्द दिलेला असायचा. नियमाचा मसुदा तिनेच केला होता.

"खड्ड्यात गेला नियम," ती म्हणाली, आणि तिने आपल्या फोनचं हॉटस्पॉट सुरू केलं. निदान लॅपटॉप जगाशी बोलू शकतो की नाही, एवढं तरी कळेल.

पहिल्या फटक्यात लागलं.

तिने हॉटस्पॉट बंद केलं. सवयीने इमारतीचं वायफाय निवडलं. गोल चक्र अर्धा फेरा फिरलं, आणि वायफाय लागलं! दोन दिवस ज्याच्यासाठी डोकं फोडलं, ते काही न करता लागलं.

"झालं ना?" अंकुर आतून ओरडला. "चलो, अच्छा हुआ!"

पण स्वरूपा हलली नाही. तिला आनंद झालाच नाही. काही न करता आपोआप बरी झालेली गोष्ट तिने नोकरीत कधी खपवून घेतली नव्हती. तिने काय केलं होतं? फोनला जोडलं, पाव मिनिट. त्या पाव मिनिटात लॅपटॉपने असं काय मिळवलं, की इमारतीचा सर्व्हर त्याला पटला?

तिने नोंदवही पुन्हा उघडली. या वेळी तारीख न सांगता, अगदी शेवटच्या ओळी मागितल्या.

हॉटस्पॉट जोडल्याच्या ओळीपुढे वेळ लिहिली होती. सात फेब्रुवारी, सकाळचे सात सतरा.

त्याच्या लगेच खालची ओळ, अकरा फेब्रुवारी, दुपारचे तीन दहा.

स्वरूपा कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "अरे देवा. याच्यासाठी आज अजून शनिवारच होता."

५

पुढचं सगळं भराभर उलगडत गेलं, आणि उलगडताना तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

लॅपटॉपच्या पोटात एक बटणाएवढा सेल असतो. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. इतक्या वर्षांनी तो सेल संपला होता. मोठी बॅटरी होती तोवर तिच्यावर भागत होतं. ती काढल्यापासून वॉचमनने मेन स्विच पाडला की घड्याळ ठार. सकाळी सुरू झाला की लिनक्स बिचारा आपण शेवटी बंद झालो ती वेळ धरून तिथून पुढे मोजायचा, आणि वायफाय लागलं की इंटरनेटवरून खरी वेळ विचारून चूक दुरुस्त करायचा. दोन महिने रोज हेच चाललं होतं. कुणाला पत्ताही लागला नाही, कारण छोट्या पडद्यावर जागा हवी म्हणून घड्याळाची पट्टी लपवून ठेवली होती.

मग या सोमवारी काय बदललं? तिने वायफायच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र उघडून पाहिलं. ते नवंकोरं होतं. रविवारपासून वैध. इमारतवाल्यांनी सुट्टीत बदललं होतं आणि सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती. सोमवारी लॅपटॉप उठला तो शुक्रवार संध्याकाळ समजून. अजून दोन दिवसांनी, रविवारी लागू होणारं प्रमाणपत्र बघून त्याने तोंड फिरवलं. वायफाय नाही म्हणून वेळ दुरुस्त होईना, वेळ दुरुस्त नाही म्हणून वायफाय लागेना. आणि ती वेडी दोन दिवस पासवर्ड टाकत बसली होती! आज फोनच्या इंटरनेटवरून त्याने पाव मिनिटात खरी वेळ उचलली आणि गाठ सुटली. नऊ तारखेच्या नोंदी मिळाल्या नाहीत, कारण लॅपटॉपच्या लेखी नऊ तारीख उजाडलीच नव्हती.

म्हणजे पाच बत्तीसला तनयाने लॅपटॉप बंद केला तो खरा शुक्रवार. आणि पाच तेहेतीसला सुरू झाला तो सोमवार. रात्री नऊ पाचला सुरू झाला तो मंगळवार.

फाइल सोमवारी गेली होती. लॅपटॉप सुरू झाल्यावर अठरा मिनिटांनी.

पण सोमवारी किती वाजता सुरू झाला? हे लॅपटॉप सांगू शकत नव्हता. ज्याचं घड्याळ शाबूत होतं असा दुसरा साक्षीदार हवा होता.

तिने हेल्पडेस्कला चौथा फोन लावला. या वेळी तिने तक्रार केली नाही. "भैया, सिर्फ़ एक बात बताइए. सोमवार को हमारे लॅपटॉप ने पहली बार आपके सर्व्हर का दरवाज़ा कब खटखटाया? लगा नहीं होगा, पर कोशिश तो लिखी होगी."

पलीकडे कळफलक वाजला. "हाँ मॅडम. पहला फ़ेल, सुबह नौ छब्बीस."

स्वरूपाने कागदावर दोन वेळा लिहिल्या. लॅपटॉप सुरू होताच वायफायचं दार ठोठावतो, म्हणजे लॅपटॉपचे पाच तेहेतीस म्हणजे खरे नऊ सव्वीस. त्यात अठरा मिनिटं मिळवली. सोमवार, सकाळचे नऊ चव्वेचाळीस.

तनया त्या वेळी लक्ष्मीबाई नगरात देविकाबाईंसमोर बसलेली. अंकुर यायला अजून पाऊण तास. किल्ली नऊ वीसला दिलेली.

आणि लॅपटॉप आपण अकराच्या सुमाराला लावला, असं सांगणारा एकच माणूस होता. रा. अं. टिपणीस. राजाभाऊ अंबादास टिपणीस.

तिने कागदाची घडी केली. तिला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

६

गुरुवारी ती सकाळी नऊलाच पोचली. राजाभाऊ एकटे होते, टेबलावरच्या फायली सारख्या करत होते.

"वायफाय लागलं म्हणे," ते म्हणाले.

"लागलं. राजाभाऊ, ते का लागत नव्हतं ते तुम्हाला सांगते." आणि तिने सगळं सांगितलं. सेल, मेन स्विच, प्रमाणपत्र, नऊ सव्वीस. राजाभाऊंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तिचं सांगून झालं तेव्हा फायली त्यांच्या हातातच होत्या.

"अंबादासराव तुमचे वडील," ती म्हणाली.

ते खुर्चीत बसले.

"कुमुदमावशी आमच्या घरी यायच्या, मी लहान असताना," ते म्हणाले. "दादांबद्दल काही चांगलं सांगितलं असेल, म्हणून सोमवारी मुद्दाम लवकर आलो. रविवारी त्या गेल्याचं कळलं होतं. तनयाने टिपण करून ठेवलं होतं. एक तास बारा मिनिटं, अंबादासराव सुपरवायझर. सरळ तिथेच गेलो." त्यांनी चष्मा काढला. "आमच्या घरात दादांच्या फोटोला अजून रोज हार असतो, स्वरूपाताई. माझी नातवंडं त्यांच्या सचोटीच्या गोष्टी ऐकून मोठी होताहेत."

"म्हणून उडवलीत?"

"नाही. उडवायला हात धजला नाही. मावशींचा आवाज होता." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "टिपणासकट इथून उचलून यात टाकली. पुढे काय करायचं ठरवलं नव्हतं. मंगळवारी ती शुक्रवारची वेळ निघाली तेव्हा मीच चकित झालो. मला वाटलं होतं, विनायकराव माझं नाव घेणार. आणि सगळे तनयाकडे बघायला लागले."

"आणि तुम्ही खिडकीबाहेर."

त्यांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

"त्या टेपमध्ये तुमच्या वडिलांनी काय केलं, राजाभाऊ? एका मुलीवर आळ येऊ दिला आणि गप्प बसले. तुम्हाला ते ऐकून एवढं लागलं. मग मंगळवारी तुम्ही दुसरं काय केलंत?"

राजाभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर शाळेची बस हॉर्न वाजवत गेली.

"विनायकरावांना मी सांगू, की तुम्ही?" तिने विचारलं.

७

राजाभाऊंनी स्वतःच सांगितलं, सगळ्यांसमोर उभं राहून. एक शब्दही सौम्य केला नाही. विनायकराव तनयाकडे वळून म्हणाले, "बेटा, आमचा गैरसमज झाला. विसरून जा आता."

"नाही विसरणार, सर," तनया म्हणाली. तिचा आवाज कापत होता पण थांबत नव्हता. "मला लिहून द्या. मी काही केलं नव्हतं, हे संस्थेच्या कागदावर. आणि काका, तुम्ही दोन दिवस मला बघत होता. मला ताप आला होता टेन्शनने. तुम्हाला माहीत होतं."

"हो," राजाभाऊ म्हणाले. "माहीत होतं."

त्यांनी राजीनामा पुढे केला. विनायकरावांनी तो हातात घेतला आणि नको म्हटलं नाही. तनयाचं पत्र त्यांनी तिथल्या तिथे टाइप करून त्यावर सही केली.

चारला देविकाबाई आल्या. पांढऱ्या साडीवर करडी शाल, डोळे सुजलेले. स्वरूपाने त्यांना आधीच स्पष्ट सांगितलं की आत काय आहे आणि समोर बसलेले राजाभाऊ कोण आहेत. त्यांनी राजाभाऊंकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "लावा."

कुमुदबाईंचा आवाज खोलीत भरला. खणखणीत, मधेच हसणारा, मधेच 'अगं तनया, तुझा चहा गार होतोय' असं दटावणारा. देविकाबाईंनी शालीत तोंड खुपसलं. एक तास बारा मिनिटांपाशी कुणी थांबवलं नाही. राजाभाऊ मान खाली घालून ऐकत राहिले.

आवाज संपल्यावर देविकाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "सरलामावशी आहे अजून. गुरुग्रामला असते, मुलाकडे. आई गेल्याचं कळवलं तेव्हा एवढंच म्हणाली, 'शेवटी बोलली का ती?' मला तेव्हा अर्थच लागला नव्हता."

राजाभाऊ उठले. "मला त्यांचा नंबर द्याल?"

देविकाबाई थोडा वेळ घुटमळल्या. मग त्यांनी स्वतःच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. चार वेळा घंटी वाजल्यावर एक म्हातारा, सावध आवाज आला. "कोण?"

राजाभाऊंनी आपलं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. कुमुदमावशींनी काय सांगून ठेवलंय ते सांगितलं. मग ते अडखळले. "मला तुमची भेट घ्यायचीय. दादांच्या वतीने... माफी..."

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"तुझा बाप मेला, कुमुद मेली," सरलाबाई म्हणाल्या. "आता माफी घेऊन मी कुठे ठेवू? तू येऊ नकोस." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "ती कोण मुलगी आहे, कुमुदला बोलतं करणारी? ती आहे का तिथे?"

तनया फोनजवळ वाकली. "आहे, आजी."

"तू ये. उद्याच ये. सकाळी सून ऑफिसला गेली की मी एकटीच असते. आणि दुपारपर्यंत थांबायच्या तयारीने ये. मला पहिल्यापासून सांगायचंय."